ताग्यातील कापड आणि शिवलेला सदरा

कोथरूडला कर्वे रस्त्यावर आज सदरा विकत घेतला, तर पावतीवर केंद्र व राज्य अशा कराच्या दोन ओळी दिसतात. ज्या पिढीने लक्ष्मी रस्त्यावरून कापड आणून शिंप्याकडे टाकले, तिच्या पावतीवर विक्रीकराची ओळ नसे. त्यामागील कारण मात्र थोड्यांनाच ज्ञात असेल.

मुंबई प्रांतात विक्रीकर १९४६ साली आला. डिसेंबर १९५६ मध्ये राष्ट्रीय विकास परिषदेत राज्यांनी गिरणीचे कापड, साखर व तंबाखू यांवरील विक्रीकर सोडण्याचे मान्य केले. त्याबदल्यात केंद्राने १९५७ च्या कायद्याने अतिरिक्त उत्पादनशुल्क बसवून त्याचे उत्पन्न राज्यांना वाटून दिले. कापड करमुक्त झाले, असे नव्हे. कर गिरणीच्या दारातच भरला जाई आणि किमतीत मिसळून ग्राहकापर्यंत येई. कापड दुकानदार मात्र विक्रीकराच्या हिशेबातून सुटला, आणि ही सुटका लहान नव्हती. तयार कपड्यांना ती लाभली नाही. १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर आला, तेव्हाही तयार कपड्यांवर ४ टक्के कर बसला आणि ताग्यातील कापड मोकळे राहिले.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला व कापडावर ५ टक्के कर आला. सुरतच्या कापड व्यापाऱ्यांनी दीर्घ बंद पाळला. दरापेक्षा नोंदणी आणि विवरणपत्रे यांचीच त्यांना धास्ती होती, व ती अनाठायी म्हणता येणार नाही. कापडाचा दर १२ टक्के करण्याचा निर्णय पुढे झाला. परंतु अंमलाच्या आदल्याच दिवशी, ३१ डिसेंबर २०२१ रोजी, तो स्थगित करावा लागला.

आपल्या घरोघरच्या खाकऱ्याचीही हीच कथा. आरंभी त्यावर १२ टक्के कर होता, ऑक्टोबर २०१७ मध्ये ५ टक्के झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो पूर्णपणे माफ झाला.

त्याच दिवसापासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के व त्यापुढे १८ टक्के कर आहे. म्हणजे २,५०० रुपयांच्या सदऱ्यावर १२५ रुपये, तर २,६०० रुपयांच्या सदऱ्यावर ४६८ रुपये! साडी मात्र शिवलेली नसल्याने कापडातच गणली जाते. पैठणी कितीही किमतीची असो, तिच्यावर ५ टक्केच.