ट्रंकेतल्या पोचपावत्या

गेले पाच आठवडे आपला भाग आला नाही. बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं, काहींनी थोडं रागावूनही विचारलं. कारण असं की माझे आजोबा गेले. ८७ वर्षांचे होते. समाचाराला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "वय झालं होतं, हाल नाही झाले, सोनं झालं." खरंच आहे ते. पण म्हणून रात्री त्यांच्या रिकाम्या खाटेकडे नजर जायची थांबत नाही.

आज ठरलेला विषय बाजूला ठेवतो आणि त्यांच्या ट्रंकेबद्दल बोलतो. काळजी करू नका, इतिहासच आहे.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. आजोबा १९५५ साली, म्हणजे १७ वर्षांचे असताना, बोटीनं मुंबईला आले आणि परळच्या एका गिरणीत लागले. आधी बदली कामगार. म्हणजे रोज पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत जायचं, नाहीतर परत फिरायचं. अशी काही वर्षं काढल्यावर त्रासनखात्यात कायम झाले. 'त्रासन' हा शब्द ऐकून पुष्कळांना वाटतं की त्रास होतो म्हणून त्रासन. तसं नाही. सूत कातण्याच्या जुन्या यंत्राला इंग्रजीत 'थ्रॉसल' म्हणत, त्याचं गिरणगावानं त्रासन केलं. आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "तुमचा इतिहास काय म्हणायचा तो म्हणूदे. त्रासच होता."

तेराव्यानंतर घरातली पाहुणेमंडळी पांगली आणि आम्ही तिघं राहिलो. काका, आत्या आणि मी. कपड्यांचं काम आत्यानं घेतलं आणि ते लवकर उरकलं, कारण कपडे होतेच किती? एका सदऱ्याच्या खिशात एसटीचं तिकीट मिळालं, शून्य रुपयांचं. ७५ वर्षांवरच्या लोकांना एसटी फुकट झाली तेव्हापासून ते उगाचच देवरुखला जाऊन यायचे. आत्यानं तिकीट हातात घेतलं, आणि मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

ट्रंक माझ्याकडे आली, कारण "कागद तुला कळतात." पत्र्याची, हिरव्या रंगाची, वर पांढऱ्या रंगात नाव आणि तिकीट नंबर. तिकीट नंबर म्हणजे गिरणीतला कामगाराचा क्रमांक. काकांना या ट्रंकेतून काय हवं होतं ते त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. गिरणी कामगारांच्या घरांसाठी आजोबांनी हयातीत अर्ज भरलेला आहे. म्हाडाकडे असे दीड लाखाच्या आसपास अर्ज आले, आणि २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत घरं होती ६,९२५. यातला कळीचा मुद्दा असा की कामगार १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर होता हे दाखवावं लागतं. कामगार हयात नसेल तर वारसांनी दाखवायचं. मग पगाराची स्लिप, ईएसआयचं कार्ड, रजेचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, जे असेल ते.

तर काकांनी सतरंजीवर दोन ढीग पाडले. एक 'लागणारे' आणि दुसरा न्हाणीच्या चुलीसाठी.

ईएसआयचं कार्ड सापडलं. १९८१ च्या दोन पगाराच्या स्लिपा सापडल्या, घडीवर फाटलेल्या, पण तिकीट नंबर वाचता येतो. काका खूश झाले. मग तळाशी, धोतराच्या तुकड्यात बांधलेला, विटेएवढा एक गठ्ठा निघाला. सोडला तर मनीऑर्डरच्या पोचपावत्या. मी मोजल्या, २११ निघाल्या. पहिली जून १९५९ ची, शेवटची जानेवारी १९८२ ची.

काकांनी दोन-चार चाळल्या आणि म्हणाले, "ह्यांचा काय उपयोग? घाल चुलीत."

अर्जाच्या दृष्टीनं काकांचं बरोबर होतं. पण मला तो गठ्ठा खाली ठेववेना.

ज्यांनी मनीऑर्डर पाहिलेलीच नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही सेवा १८८० मध्ये सुरू झाली आणि २०१५ मध्ये बंद झाली. फॉर्मचे भाग असायचे. एक छोटं कूपन, त्यावर पाठवणाऱ्यानं चार ओळी लिहायच्या, ते पैसे घेणाऱ्याकडे राहायचं. आणि एक पोचपावती. पोस्टमन गावात घरी येऊन पैसे मोजून द्यायचा, पावतीवर सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि ती पावती टपालानं मुंबईला परत यायची. म्हणजे एकाच पत्रव्यवहाराचे दोन तुकडे दोन ठिकाणी साठायचे. आजोबांचा मजकूर आजीकडे, आणि आजीचा अंगठा आजोबांकडे. आजीकडची कूपनं कधीच गेली, कौलं बदलताना माळा रिकामा केला तेव्हा. आजी जाऊन १४ वर्षं झाली. आता उरलाय तो अंगठ्यांचा अर्धा भाग.

निळ्या शाईतला आजीचा अंगठा. दर महिन्याला. ३० रुपये, ३५ रुपये, पुढे ६०, शेवटी शेवटी १५०. अंगठ्याला साक्षीदार लागतो, म्हणून शेजारी कुणाची तरी सही. मी सगळ्या साक्षीदारांच्या सह्या एका वहीत उतरवल्या, आणि हळूहळू १९६० च्या आसपास आमच्या वाडीत लिहिता येणारी माणसं कोण होती याची यादीच तयार झाली. शाळेचे गुरुजी, दुकानदार, एक पेन्शनर, आणि सुट्टीवर आलेले चाकरमानी. १९७० पर्यंत या साक्षीदारांमध्ये एकही बाई नाही. जनगणनेचे आकडे साक्षरता किती टक्के ते सांगतात. दुपारी पोस्टमन आला की सहीसाठी कुणाला हाक मारायची हे मात्र या पावत्याच सांगतात.

जिथं पावती नाही, ते महिनेही बोलतात. गणपतीच्या महिन्यात पावती नाही, कारण आजोबा स्वतःच घरी. मे १९६१ ची नाही, आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये काकांचा जन्म. हे मी काकांना दाखवलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढची पावती काढली. १९७४ च्या सुरुवातीला गिरण्यांमध्ये ४२ दिवसांचा संप झाला. फेब्रुवारीची पावती गायब, आणि मार्चची फक्त १५ रुपयांची.

आता थोडं मोठं चित्र. मुंबईच्या गिरण्यांना माणसं पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी कित्येक दशकं सगळ्यांत पुढे होता. गिरणीमालक आणि इंग्रज अधिकारी तक्रार करायचे की हा कामगार अर्धा शेतकरीच आहे, लावणी आली की पळतो, शहराचा होत नाही. राजनारायण चंदावरकर या इतिहासकारांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात हे उलटं करून दाखवलं. गावाशी असलेलं नातं हा मागासपणाचा अवशेष नव्हता. शहरातली तुटपुंजी, बेभरवशाची मजुरी त्या नात्याच्या जोरावरच चालत होती. बायकामुलं, आजारपण, म्हातारपण, हे सगळं गाव सांभाळायचं. आणि संप झाला की गावच कामगाराला पोसायचं. १९२८ चा संप सहा महिने टिकला तो काही नुसत्या भाषणांवर नाही. मुंबईत आजोबा गावकीच्या खोलीत राहायचे. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीनं झोपायचे, आणि जेवायला खानावळ. बायकोला मुंबईत आणणं परवडलंच नाही. ही सगळी व्यवस्था दोन टोकांवर उभी होती, आणि आपल्याकडे गिरणगावाचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा एकच टोक सांगतो. भोंगा, चाळ, कॉम्रेड, मोर्चा. मीही याच पॉडकास्टवर तसाच सांगत आलोय. दुसरं टोक पडवीत बसून अंगठा देत होतं.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाख कामगार, साठच्या आसपास गिरण्या. गठ्ठ्यातली शेवटची पावती त्याच महिन्याची, डिसेंबरच्या पगाराची. त्यानंतर पावती नाही. त्याऐवजी एक पोस्टकार्ड आहे, जून १९८२ चं, काकांच्या अक्षरातलं, गावाहून मुंबईला गेलेलं. तांदूळ आणि कुळथाचं पीठ एका गाववाल्याबरोबर पाठवल्याचं त्यात लिहिलंय, आणि लावणीला माणूस कमी आहे तर या, असं. २३ वर्षं पैसे एका दिशेनं येत होते, आता धान्य उलट्या दिशेनं निघालं होतं. तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. १९८३ मध्ये १३ गिरण्यांचं व्यवस्थापन सरकारनं ताब्यात घेतलं, लाखावर माणसं कामाला मुकली. आजोबा लावणीला आले ते राहिलेच. मुंबईबद्दल फारसं बोलायचे नाहीत. टीव्हीवर गिरण्यांच्या जागेवरचे मॉल दाखवले की उठून गोठ्यात जायचे.

पण मला ज्यासाठी हा भाग करावासा वाटला ती पावती वेगळीच आहे. नोव्हेंबर १९७०. तिच्यावर अंगठा नाही. सही आहे. आधी वर रेघ मारून घेतलेली, आणि तिच्याखाली एकेक अक्षर वाळत घातल्यासारखं टांगलेलं. साक्षीदाराची जागा कोरी. त्यानंतरच्या एकाही पावतीवर अंगठा नाही.

ती मी काकांसमोर धरली. त्यांनी चष्मा लावला, पाहिलं, आणि चष्मा काढला.

"मी तिसरीत होतो," ते म्हणाले. "पाटीवर नाव काढून दिलं होतं मी तिला. ती चुलीपुढं बसून राखेत गिरवायची. मला म्हणाली, बाबांना सांगू नको, पावती गेली की कळंल त्यांना."

आणि कळलं असणार. कारण २११ पावत्यांत तेवढी एकच अशी आहे, जिची मधोमध घडी घातलेली आहे. घडीच्या कडा झिजल्यात. पाकिटात किंवा सदऱ्याच्या खिशात बराच काळ वागवलेल्या कागदाच्या झिजतात तशा.

काकांनी तो गठ्ठा पुन्हा धोतराच्या तुकड्यात बांधला. अर्जाच्या फायलीत नाही, पण चुलीतही नाही. ती एक पावती मात्र त्यांनी मला दिली नाही. फोटो काढू देतो म्हणालेत, अजून दिलेला नाही.

बाकीच्या २१० मी स्कॅन करतोय. तुमच्या घरी अशा पोचपावत्या किंवा कूपनं असतील, कोकणातल्या असोत की साताऱ्याच्या, तर एवढंच बघून मला कळवा. अंगठा कुठल्या साली संपतो, आणि साक्षीदार कोण आहेत. पुढचा भाग दोन आठवड्यांनी, आधी ठरलेल्या विषयावर.