जागेवर बसूनही ‘गाडी लागते’

नागमोडी घाटात गाडी लागावी, तसा त्रास काहींना व्हिडिओ गेम खेळताना होतो. सारे दृश्य पात्राच्याच नजरेतून दाखवणाऱ्या खेळांत तो विशेष आढळतो. ‘डूम’ने १९९३ मध्ये हा प्रकार जगभर लोकप्रिय केला.

पडद्यामुळे डोळ्यांना धावण्याचा भास होतो. अंतर्कर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय मात्र शरीर स्थिर असल्याचे मेंदूला कळवते. या विसंगतीतून मळमळ, घाम, डोकेदुखी व भोवळ उद्भवते, असे मानले जाते. अमेरिकेत हेलिकॉप्टरच्या सिम्युलेटरवर शिकणाऱ्या वैमानिकांमध्ये असाच त्रास १९५७ मध्ये नोंदवला गेला. लक्षणे जाणवलेल्या वैमानिकांना त्यानंतर काही काळ उड्डाण टाळण्यास सांगितले जाते.

दिल्ली, गुरुग्राम व नोएडातील मॉलमध्ये आभासी वास्तवाचे खेळ उपलब्ध आहेत. डोळे पूर्ण झाकणाऱ्या या उपकरणांमुळे त्रास वाढू शकतो. तेथून दुचाकीने घरी परतणाऱ्यांनी भोवळ पूर्ण ओसरेपर्यंत थांबणे हिताचे.

मळमळ जाणवताच खेळ थांबवावा व दूरच्या स्थिर वस्तूकडे पाहावे. पडद्यापासून लांब बसणे, खोलीत पुरेसा उजेड ठेवणे आणि दृश्याचे हेलकावे सेटिंगमधून बंद करणे, हे उपायही उपयुक्त ठरतात.