'दुखतंय' एवढंच लिहू नका

संशोधनाच्या पहिल्याच वहीत मी केलेली चूक आज तुम्हाला सांगतो. सांगोल्यातल्या एका आजींना मी विचारलं, "गुडघा दुखतोय का?" त्या म्हणाल्या, "दुखत न्हाई बाळा, रातच्याला ठणकतोय. चालाय गेलं की कळ निघती." मी वहीत लिहिलं, 'गुडघेदुखी'.

म्हणजे आजींनी जो शब्द नाकारला, नेमका तोच मी नोंदवला! ठणका नाडीसारखे ठोके देतो, बसल्या जागीही सोडत नाही. कळ उठते आणि ओसरते. चमक क्षणभराची. उसण पाठीत नाहीतर कमरेत भरते, मग हलताही येत नाही. वेदना कशी येते, किती टिकते, हे शब्दातच सांगितलेलं असतं.

असं वर्गीकरण जुनंच आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात वेदनांचे प्रकार दिलेत: तोदन म्हणजे टोचणं, भेदन म्हणजे फोडणं, ताडन म्हणजे मारणं. आपला 'शूळ' संस्कृत 'शूल'वरून आला, आणि शूल म्हणजे टोकदार हत्यार. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१, सुधारित आवृत्ती १८५७) 'ठणका' आणि 'कळ' यांच्या स्वतंत्र नोंदी आहेत. १९७५ साली रोनाल्ड मेल्झॅक यांनी मॅक्गिल वेदना प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेचे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत मांडलेत.

आता ही यादी मराठीत आणायला बसा, लगेच अडाल. तिथले शब्द विशेषणं आहेत. आपल्याकडे वेदना बहुतेक वेळा क्रियापदातून बोलते: दाढ ठणकते, डोळे चुरचुरतात, गळू ठसठसतं, अंग मोडून येतं. शब्दाला शब्द ठेवून भागत नाही, अख्खं वाक्य लागतं.

इतिहासाच्या विद्यार्थ्यानं हे का जपायचं? कारण दवाखान्याच्या कागदावर बहुधा डॉक्टरांची भाषा उरते. पेशंटचा शब्द तिथेच विरतो. पन्नास वर्षांनी कुणी तो कागद उघडला, तर त्याला आजार सापडेल, आजी सापडणार नाहीत.

म्हणून फील्डवर्कला जाल तेव्हा बोललेलं वाक्य जसंच्या तसं लिहा, 'न्हाई'चं 'नाही' करू नका. आणि आपला प्रश्नसुद्धा शेजारी लिहा. माझ्या प्रश्नातच 'दुखतोय' होतं. आजी ठाम होत्या म्हणून त्यांनी ते खोडलं. दुसरं कुणी नुसतं "हो" म्हणालं असतं. आता मी एवढंच विचारतो, "काय होतंय?" आणि गप्प बसतो.