उशीचा अभ्रा आणि बेळगावचा कॅम्प

बेळगाव म्हटले की आम्हा गोवेकरांना बाजार आणि कुंदा आठवतो. कॅम्पात मात्र इतिहास वेगळा भेटतो. 1818 साली मन्रोने किल्ला घेतला, पुढे छावणी वसली, गोऱ्या पलटणी आणि त्यांची कुटुंबे आली. 1820 मध्ये लंडन मिशनरी सोसायटीही आली. त्या शतकात पश्चिम भारतातल्या मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचनाबरोबर शिवण-विणकाम शिकवीत. दोन सुयांचे विणकाम आपल्या घरांत शिरले ते अशाच वाटांनी.

लोकर आपल्याला नवी नव्हती. धनगरांची घोंगडी जुनीच, पण ती मागावरची. मराठीने दोन्ही कामांना ‘विणणे’ हेच क्रियापद लावले आणि परकी कला घरची झाली. ‘अभ्रा’ फारसी, ‘क्रोशे’ फ्रेंच. वापरताना कुणाला आठवते?

एक ओळ सुलट, एक उलट. दोन चौकोन तीन बाजूंनी शिवायचे, चौथीला बटणे. झाला अभ्रा!

मी सरकारी कारकून, फायलींतला माणूस. पलटणींच्या नोंदी दप्तरात सापडतात, टाका शिकलेल्या बायकांच्या नाहीत. त्यांचा दस्तऐवज म्हणजे घरातला जुना अभ्रा. त्याचे पायपुसणे करण्याआधी, हा टाका कुणी शिकवला, एवढे आजीला विचारून लिहून ठेवावे.