दहिवर आणि निरीक्षकाचा श्वास

दिवाळीच्या पहाटे गवतावर दहिवर दिसते, तेव्हा रात्रीतून गवताचे पाते एका विशिष्ट तापमानाच्या खाली उतरलेले असते. त्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते; तोच दवबिंदू. तो मोजण्याचा इतिहास सहसा उपकरणांचा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते, मोजायची हवा निर्भेळपणे उपकरणापर्यंत कशी आणावी, या प्रश्नाचाही तो इतिहास आहे.

सतराव्या शतकाच्या मध्यास फ्लॉरेन्सच्या फर्दिनांदो द मेदिचीने बर्फ भरलेल्या निमुळत्या पात्रावर जमणारे थेंब खालच्या भांड्यात गोळा करून मोजले. पण वारा सुटला की थेंब वाढत. माँपेलिएच्या शार्ल ल रॉय या वैद्याने 1751 मध्ये थेंब मोजणे सोडले. पेल्यातले पाणी बर्फाने हळूहळू गार करायचे आणि काचेवर बाहेरून पहिले धुके धरताच तापमान टिपायचे, एवढीच त्याची रीत. 1820 मध्ये लंडनच्या जॉन फ्रेडरिक डॅनियलने हेच काम ईथर भरलेल्या, नळीने जोडलेल्या दोन काचगोळ्यांकडून करून घेतले.

पॅरिसच्या आंरी व्हिक्तोर रेन्योने 1845 मध्ये डॅनियलच्या यंत्राचे दोष दाखवले. काच उष्णता नीट वाहत नाही, म्हणून आतला तापमापक आणि बाहेरचा पृष्ठभाग यांत फरक पडतो. त्याहून मोठा दोष म्हणजे दव पाहण्यासाठी निरीक्षकाला जवळ जावे लागते, आणि त्याच्या श्वासाची वाफ व अंगाची ऊब मोजायची हवाच बदलून टाकते. रेन्योने काचेऐवजी चांदीचे पातळ टोपण वापरले, दूर ठेवलेल्या शोषकाने ईथरमधून हवा ओढली, ईथरची वाफ नळीने बाजूला नेली आणि स्वतः लांब उभा राहून दुर्बिणीतून पाहिले. दव येताना आणि जाताना तापमान टिपून त्यांची सरासरी घेतली.

आज चांदीच्या टोपणाच्या जागी विजेवर थंड होणारा आरसा आहे आणि दुर्बिणीच्या जागी प्रकाशकिरण. श्वासाचा प्रश्न मात्र नमुना आणणाऱ्या नळीत जाऊन बसला आहे. दवबिंदू उणे 40 अंश असलेल्या कोरड्या वायूपेक्षा खोलीतल्या साध्या हवेत वाफेचा दाब शंभरपटीहून अधिक असतो. त्यामुळे वायूचा एकूण दाब जास्त असला, तरी वाफ रबरी नळीतून किंवा सैल सांध्यातून उलट आत शिरते. म्हणून नळी स्टेनलेस स्टीलची, आखूड आणि कमीत कमी सांध्यांची हवी. नळीच्या भिंतीही ओलावा धरून ठेवतात. वायू बराच वेळ वाहू देऊन आकडा स्थिर झाला, तरच तो खरा. नळी दवबिंदूपेक्षा गार पडली, तर पाणी वाटेतच जमते आणि ओला वायू कोरडा ठरतो. रुग्णालयातला वायू किंवा नैसर्गिक वायूची वाहिनी असेल, तर ही चूक महागात पडते.

दाब नोंदवणेही तितकेच गरजेचे. 10 अंश दवबिंदूची हवा दुप्पट दाबाखाली आणली, तर दवबिंदू सुमारे 21 अंशांवर चढतो. दाब न सांगितलेला दवबिंदू म्हणजे अर्धीच नोंद.

रेन्योचे यंत्र आता संग्रहालयात गेले. पण आरशावरचा आकडा वाचण्याआधी नळी तपासणारा तंत्रज्ञ त्याच्याच वाटेने चालतो आहे.