कॉलेज ‘ग्रीन’ आहे हे ठरवतं कोण? कॅम्पसला पर्यावरणाचे गुण कसे मिळतात, समजून घ्या

अ‍ॅडमिशनचा सीझन आला की कॉलेजांच्या जाहिरातींत एक ओळ हमखास दिसते, ‘ग्रीन कॅम्पस’. सोबत झाडांचा फोटो, सोलर पॅनलचा फोटो आणि एखादं प्रमाणपत्र. पण हे गुण देतं कोण? आणि कशावरून?

नुसती झाडं मोजून का भागत नाही?

समजा, एका कॉलेजमध्ये 2,000 विद्यार्थी आहेत आणि वर्षाला 5 लाख युनिट वीज लागते. दुसऱ्यात 8,000 विद्यार्थी आहेत आणि 12 लाख युनिट लागतात. बिल दुसऱ्याचं मोठं. पण माणशी हिशोब केला तर पहिल्याचा वापर 250 युनिट आणि दुसऱ्याचा 150. म्हणजे काटकसरी कोण, हे मोजण्याच्या पद्धतीवर ठरतं. म्हणूनच ठरलेले निकष लागतात.

‘स्टार्स’ काय आहे?

अमेरिकेतल्या ‘असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ सस्टेनेबिलिटी इन हायर एज्युकेशन’ या संस्थेने 2010 मध्ये ‘स्टार्स’ ही पद्धत अधिकृतपणे सुरू केली. यात वीज, पाणी, कचरा तर पाहिला जातोच. शिवाय अभ्यासक्रमात हा विषय आहे का, संशोधन होतं का, विद्यार्थी आणि आसपासचे लोक यात सामील आहेत का, कारभार कसा चालतो, हेही तपासलं जातं.

25 गुणांना ब्राँझ, 45 ला सिल्व्हर, 65 ला गोल्ड आणि 85 ला प्लॅटिनम. हे रँकिंग नाही, रेटिंग आहे. म्हणजे पहिला-दुसरा नंबर नसतो, पात्र असतील तर सगळ्यांनाच गोल्ड मिळू शकतं. पहिलं प्लॅटिनम 2015 मध्ये कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीने मिळवलं.

मग नंबर कोण लावतं?

इंडोनेशिया विद्यापीठाने 2010 मध्येच ‘यूआय ग्रीनमेट्रिक’ हे जागतिक रँकिंग सुरू केलं. त्यात अनेक वर्षं ऊर्जा आणि हवामान बदलाला 21 टक्के वजन होतं. कचरा, वाहतूक आणि शिक्षण-संशोधन यांना प्रत्येकी 18, परिसर आणि पायाभूत सुविधांना 15 आणि पाण्याला 10 टक्के होतं.

2019 मध्ये ‘टाइम्स हायर एज्युकेशन’चं इम्पॅक्ट रँकिंगही सुरू झालं. ते संयुक्त राष्ट्रांच्या 17 शाश्वत विकास उद्दिष्टांवर आधारलेलं आहे. त्यामुळे त्यात गरिबी, आरोग्य, स्त्री-पुरुष समानता हेही येतं. एकच विद्यापीठ एका यादीत वर आणि दुसऱ्या यादीत खाली दिसू शकतं, त्याचं कारण हेच.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रातल्या कॉलेजांना सर्वांत ओळखीचं नाव म्हणजे ‘नॅक’. नॅकच्या सात निकषांच्या चौकटीत एकूण 1,000 गुण असतात आणि सातव्या निकषाला 100. पर्यायी ऊर्जा, कचरा व्यवस्थापन, जलसंधारण, ग्रीन ऑडिट आणि एनर्जी ऑडिट हे मुद्दे याच निकषात येतात. पण त्याच 100 गुणांत समानता, मूल्यशिक्षण आणि ‘बेस्ट प्रॅक्टिसेस’सुद्धा आहेत. म्हणजे पर्यावरणाचा वाटा तसा छोटाच. त्यामुळे नॅकची ‘ए’ ग्रेड म्हणजे कॅम्पस ग्रीन असा अर्थ काढू नका.

यात गोम कुठे आहे?

यातली बरीचशी माहिती संस्था स्वतःच भरतात. ‘आमच्याकडे पावसाचं पाणी साठवण्याची सोय आहे’ असं लिहिणं आणि फोटो जोडणं सोपं असतं. त्या टाकीत यंदा किती पाणी साठलं, हा आकडा देणं अवघड. पहिल्यात सोय मोजली जाते, दुसऱ्यात परिणाम. गुण फक्त सोयीला मिळाले, तर बंद पडलेला सोलर पॅनलसुद्धा कागदावर चालूच राहतो.

स्टार्समध्येही माहिती संस्थाच भरते. मात्र रेटिंग मिळवणाऱ्या संस्थेचा संपूर्ण रिपोर्ट वेबसाइटवर खुला असतो. त्यामुळे विद्यार्थी, पत्रकार कुणीही आकडे तपासू शकतो.

तुम्ही काय तपासू शकता?

नॅकसाठी तयार केलेला स्वयंमूल्यांकन अहवाल कॉलेजच्या वेबसाइटवर असतो. तो उघडा, सातवा निकष शोधा आणि चार गोष्टी बघा:

1. माणशी वीज आणि पाण्याचा वापर दिला आहे का?
2. तीन-चार वर्षांचे आकडे आहेत का? ते कमी होतायत की वाढतायत?
3. ऑडिट बाहेरच्या संस्थेने केलं की कॉलेजनेच?
4. ऑडिटमध्ये सुचवलेल्या सुधारणा पुढच्या वर्षी झाल्या का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत महत्त्वाचं. ऑडिट म्हणजे रक्ततपासणीसारखं असतं. रिपोर्ट फ्रेम करून भिंतीवर लावला म्हणून साखर कमी होत नाही, औषध घ्यावं लागतं.