मेंदूचे वृद्ध पहारेकरी

इ. स. १९१९ सालीं माद्रिद येथें पीओ देल रीओ-ऑर्तेगा यांनीं मेंदूचे पातळ काप चांदीच्या क्षारानें रंगविले, तेव्हां मज्जापेशींच्या दाटींत फांद्या फुटलेल्या चिमुकल्या पेशी स्पष्ट दिसल्या. त्यांस त्यांनीं ‘मायक्रोग्लिया’ हें नांव दिलें. मृत कण गिळणें, रोगजंतूंवर तुटून पडणें, हें या पहारेकऱ्यांचें काम. शोधकाच्या वांट्यास मात्र सुख आलें नाहीं. १९२० मध्यें थोर काहाल यांच्याशीं बेबनाव होऊन त्यांस प्रयोगशाळा सोडावी लागली. पुढें यादवी युद्धानें देशहि सुटला आणि १९४५ सालीं ब्वेनोस आयरेस येथें त्यांचा अंत झाला.

स्मृतिभ्रंशांत हे पहारेकरी अति खवळून मेंदूची हानि करितात, असें पुष्कळ काळ मानीत. २००४ सालीं फ्लॉरिडांतील स्ट्राइट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वृद्धांच्या मेंदूंत निराळेंच पाहिलें: फांद्या झडलेल्या, तुकडे पडलेल्या जराजर्जर पेशी. २००९ मध्यें अल्झायमरच्या रोग्यांतहि, जेथें मज्जापेशी बिघडल्या होत्या तेथेंच, अशा पेशी त्यांना आढळल्या. राखणदारच थकला, तर घर कोणीं सांभाळावें? २०१८ सालीं अमेरिकेंत उंदरांच्या मेंदूंतील अशा जराग्रस्त पेशी काढून टाकतांच त्यांची स्मृति पुष्कळ अंशीं टिकली. मनुष्याच्या बाबतींत हा इलाज अद्याप सिद्ध झालेला नाहीं.